दोन दोऱ्यांचा पतंग

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोनवर विषय दिला होता, "कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपल्या मुलांच्या नोकऱ्या". मी म्हटलं, त्यावर बोलायला आता प्रत्येक घरात एक तज्ज्ञ आहे आणि बहुतेक वेळा तो चौदा वर्षांचा असतो. मला पतंगावर बोलू द्या. पलीकडून जरा वेळ आवाजच आला नाही. मग हळूच प्रश्न आला, "पतंग म्हणजे... आपला संक्रांतीचा?" मी म्हटलं, त्याचा चुलतभाऊ.

तर हा तो चुलतभाऊ. मागच्या रांगेला दिसावा म्हणून वर धरते. या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वादोन मीटर, म्हणजे माझ्या उंचीपेक्षा बराच जास्त. आकार उडत्या घारीसारखा. वजन २०० ग्रॅमच्या आसपास, वाण्याकडची पाव किलो साखरेची पुडी याहून जड. कापड पॉलिस्टरचं आहे, त्यात बारीक चौकड्यांची वीण आहे, म्हणजे कुठे फाटलंच तर फाट पुढच्या चौकडीशी अडते. काड्या कार्बनच्या, पोकळ. आणि याला दोरे दोन, एक डाव्या हातात, एक उजव्या. चक्री नाही.

या चुलतभावाचं कौतुक करण्याआधी आपल्या कागदी पतंगाबद्दल दोन शब्द बोलते, कारण त्याला कोणी कमी लेखलेलं मला खपत नाही. एक ताव, एक उभी काडी, एक कमान आणि एक दोरा, एवढ्यावर तो आभाळभर कुठेही जातो. कसा जातो? ढील दिली की कमान सैल पडते, पतंग सपाट होतो आणि सपाट पतंगाला दिशा राहत नाही, तो स्वतःभोवती फिरायला लागतो. खेचला की कमान वाकते, दोन्ही बाजू मागे झुकतात आणि नाक ज्या बाजूला असेल त्या बाजूला तो सरळ सुटतो. म्हणजे उडवणारा पतंगाला वळवतच नाही. नाक हव्या त्या दिशेला येईपर्यंत थांबतो आणि नेमक्या क्षणी खेचतो. पुढे इंजिनिअरिंगला नियंत्रण प्रणाली नावाचा विषय शिकताना मला आपल्या गल्लीतली पोरं आठवायची. त्या विषयात त्यांचं निम्मं तरी आधीच झालेलं होतं.

माझं स्वतःचं ज्ञान मात्र हातात दोरा न घेता मिळवलेलं. कारण माझ्या हातात चक्री असायची. इथल्या मुलींना आठवत असेल, चक्री धरणं हे आपलं खातं होतं. धाब्यावर उभं राहायचं, दादा "ढील!" ओरडला की चक्री सैल सोडायची, "गुंडाळ!" ओरडला की गुंडाळायची, आणि पेच जिंकला की नाचायचं त्यानेच. चार वर्षं मी हे काम केलं. त्याचा एक फायदा झाला. दोऱ्याला किती ताण आहे हे चक्रीच्या दांड्यांतून तळहाताला कळतं, पतंगाकडे बघावंही लागत नाही. दादाच्या आधी मला समजायचं की वारा पडतोय. सांगितलं तर तो ऐकायचा नाही, हा भाग वेगळा. तो आज पाहुणा म्हणून आलाय, तिसऱ्या रांगेत बसलाय.

दोन दोऱ्यांचा पतंग मी पहिल्यांदा २०१० मध्ये पाहिला. कंपनीने अडीच वर्षांसाठी कॅलिफोर्नियात पाठवलं होतं. तिथे बर्कली गावात समुद्राच्या कडेला सीझर चावेझ पार्क नावाची मोठी मोकळी टेकाडं आहेत. खाली जुनं कचरा टाकायचं मैदान आहे, वर आता गवत. समोर गोल्डन गेटची खिंड, आणि तिच्यातून दुपारी समुद्राचा वारा असा सलग येतो की कोणी पंखा लावून ठेवलाय. तिथे एक निवृत्त गृहस्थ एकटेच पतंग उडवत होते, आणि तो पतंग जमिनीपासून हातभर उंचीवर आडवा पळत होता, कोपऱ्यावर थांबत होता, उलटा होऊन पाठीवर पडत होता आणि पुन्हा उठत होता. मी अर्धा तास उभी राहिले. मग त्यांनी दोन्ही हातांतले पट्टे काढून माझ्या हातात दिले. मी सवयीने विचारलं, "मी काय धरू?" ते म्हणाले, "दोन्ही."

तिथे जे शिकले ते थोडक्यात सांगते. पाठीवर वारा घेऊन उभं राहायचं. आपल्या समोर, डाव्या हातापासून उजव्या हातापर्यंत आणि जमिनीपासून डोक्यावरपर्यंत, पाव टरबुजासारखी जागा असते. पतंग फक्त त्या टरबुजाच्या सालीवरून फिरतो, कारण दोरा तेवढाच लांब आहे. सालीच्या मधोमध, म्हणजे आपल्या नाकासमोर, ओढ सगळ्यात जास्त. कडांकडे जावं तशी ओढ कमी होत जाते आणि अगदी कडेला पतंग जवळजवळ स्वस्थ उभा राहतो. तिथेच तो अलगद उतरवायचा. उजवा हात मागे घेतला की उजवीकडे वळतो. हात तसाच ठेवला तर गोल फिरत राहतो. दोन्ही हात सारखे केले की नाकाच्या रेषेत सरळ. एक गोल चक्कर मारली की दोन दोऱ्यांना एक पीळ पडतो, पण पतंगाचं काही अडत नाही. उलट चक्कर मारून पीळ काढायचा.

सगळी गंमत दोन हातांतल्या फरकात आहे. ताकदीला तिथे काम नाही. नवखा माणूस हात डोक्याच्या वर नेतो, खेचतो, कमरेतून वाकतो. जाणत्याचे हात पोटापाशी असतात आणि वीतभरही हलत नाहीत.

याचा इतिहास फार जुना नाही. दुसऱ्या महायुद्धात पॉल गार्बर यांनी अमेरिकन नौदलासाठी दोन दोऱ्यांनी वळवता येणारा पतंग तयार केला. त्यावर शत्रूच्या विमानाची आकृती रंगवलेली असायची आणि जहाजावरचे गोलंदाज त्यावर नेम धरायचा सराव करायचे. पुढे १९७२ मध्ये इंग्लंडच्या पीटर पॉवेल यांनी लांब शेपटीचा, दोन दोऱ्यांचा पतंग बाजारात आणला आणि तो युरोप-अमेरिकेत घराघरांत गेला. आज माझ्या हातात आहे तसा त्रिकोणी आकार त्यानंतरचा. आपल्याकडे अहमदाबादला १९८९ पासून आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरतो. बाहेरून आलेले पाहुणे असले पतंग घेऊन येतात ते तिथे बघायला मिळतात.

आता बुलढाण्याकडे येते. आपला पतंगाचा हंगाम जानेवारी, आणि जानेवारीत आपल्याकडे वारा कुठे असतो? सकाळी पिंपळाचं पान हलत नाही. अकरा-बाराला जमीन तापली की एखादी झुळूक येते, दहा मिनिटं खेळते आणि जाते. आषाढात घाटावर छत्री उलटी करणारा वारा असतो, पण तेव्हा पाऊस आणि चिखल. आमच्या आजीकडे जळगाव जामोदच्या बाजूला भेंडवळची घटमांडणी आहे. अक्षय्य तृतीयेला मांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे पिकापाण्याचं भाकीत होतं. मी लहानपणी आजीला विचारलं होतं, संक्रांतीला वारा असेल का हे ते सांगतात का? आजी म्हणाली, "पतंगानं पोट भरते का वं बाई?" विषय संपला.

तर मंद वाऱ्यासाठी हलका पतंग. यामागे एक सोपं गणित आहे आणि आपल्या विज्ञानाच्या बाई समोर बसल्यात म्हणून ते नीट सांगते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट झाला तर नऊपट. ताशी आठ किलोमीटरच्या झुळकीत जो पतंग पिसासारखा वाटतो, तोच चोवीसच्या वाऱ्यात नऊपट ओढतो. म्हणून एकच पतंग सगळ्या वाऱ्यांना चालत नाही. जाड काड्यांचा, तीनशे ग्रॅमचा पतंग आपल्या जानेवारीत उठणारच नाही. आणि हा दोनशे ग्रॅमचा जूनच्या वाऱ्यात नेला तर खालची आडवी काडी कडकन मोडेल. हलकेपणा काड्यांच्या बारीकपणातून येतो, आणि बारीकपणाची किंमत द्यावी लागते.

अगदीच वारा नसेल तर? तर आपण चालायचं. माणूस ताशी चार-पाच किलोमीटरने मागे मागे चालला की तेवढा वारा त्याने स्वतःच तयार केला. मैदान संपत आलं की पतंग वर न्यायचा, दोरे सैल सोडायचे, तो पोटावर सपाट पडून तरंगत राहतो, आणि तेवढ्यात आपण झपझप पुढे चालून गमावलेली जागा परत मिळवायची. पुन्हा मागे. तासाभरात दोन-तीन किलोमीटर होतात आणि त्यातले निम्मे उलट्या पावलांनी. माझ्या डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलंय, दिशा त्यांनी सांगितलेली नाही.

हलक्या वाऱ्यात कन्नीलाही हात लावावा लागतो. आपल्या कागदी पतंगाची कन्नी कशी एका गाठीने बदलते, तशीच ही. जिथे दोरा अडकवतो ती जागा नाकाकडे सरकवली की पतंग पुढे झुकतो आणि मंद वाऱ्यातही पुढे सटकत राहतो. मागे सरकवली की वारा जास्त धरतो, झटकन वळतो, पण थांबूनही जातो. सरकवायचं किती? तीन ते पाच मिलिमीटर. एकदा सरकवायचं, उडवून बघायचं, मग पुन्हा. दोन्ही बाजूंना अगदी तेवढंच. मी एका जुन्या वहीत वाऱ्याचा अंदाज, कन्नीची जागा आणि पतंग कसा वागला ते लिहून ठेवते. ऑफिसमधल्या कामाच्या नोंदी मी इतक्या इमानाने ठेवत नाही, हे इथे माझे साहेब नाहीत म्हणून सांगते.

आता दोऱ्याकडे येते, आणि मला खरं जे बोलायचंय ते इथेच आहे.

जगभर हे पतंग डायनिमा किंवा स्पेक्ट्रा नावाच्या धाग्यावर उडवतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या ज्या पॉलिथिनच्या असतात त्याच जातीचा हा पदार्थ, पण त्यातले लांबच लांब रेणू ओढून एका दिशेत सरळ केलेले. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत सापडली. वजनाच्या मानाने हा धागा पोलादापेक्षा कित्येक पट मजबूत असतो, जवळजवळ ताणला जात नाही, आणि इतका गुळगुळीत असतो की दोन दोऱ्यांना पाच-सहा पीळ पडले तरी एकमेकांवरून सरकतात. त्याला काच लावलेली नसते. तो कोणाला कापायला बनवलेलाच नाही, उलट साध्या सुती मांजाने तोच तटकन तुटतो, कारण दीडशे अंशांच्या आसपास तो वितळतो आणि घासला की तापतो.

पण आहे तो कृत्रिम. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली ती पतंगाच्या नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर. पुढे नागपूर खंडपीठानेही नायलॉन मांजाची स्वतःहून दखल घेतली. माझा धागा त्या अर्थाने मांजा नाही असा युक्तिवाद करता येईल. मला तो करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत माझा मावसभाऊ स्कूटरवरून घरी जात होता. रस्त्यावर आडवा लोंबणारा नायलॉन मांजा त्याच्या गळ्याला लागला. नऊ टाके पडले. डॉक्टर म्हणाले, अर्धा इंच इकडे असता तर टाके घालायला आणलाच नसता. त्याच्या आईने त्या वर्षी तिळगूळ वाटला नाही. अशा घरात मी "माझा धागा वेगळा आहे हो मावशी" म्हणून पाठ्यपुस्तकातला खुलासा करायचा का? झाडाला अडकलेला धागा कोणाचा होता आणि त्याला काच होती की नव्हती, हे पाय गुंतलेल्या बगळ्याला विचारून उपयोग नसतो. कृत्रिम धागा कुजत नाही, वर्षानुवर्षं लोंबतो, एवढं पुरे आहे.

म्हणून भारतात परत आल्यावर मी सूत वापरायचं ठरवलं. आपण कापसाच्या जिल्ह्यातली माणसं. खामगावच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग आपण बसच्या खिडकीतून मोजलेली आहे. मग सूत का नाही?

का नाही याची कारणं सुताने एकेक करून दाखवली. पहिलं कारण ताणाचं. सूत ताणलं की लांबतं, आणि दोन दोरे सारखे लांबत नाहीत. वीस मीटरच्या दोऱ्यात एक टक्का फरक पडला तर तो वीस सेंटिमीटर होतो. मघाशी म्हटलं, जाणत्याचे हात वीतभरही हलत नाहीत. म्हणजे हाताने जेवढी सूचना द्यायची त्यापेक्षा जास्त सूचना दोराच आपल्या मनाने देतोय! पतंग एका बाजूला वळत राहतो आणि आपल्याला वाटतं वाराच वाकडा आहे.

त्यावरचा उपाय आजीच्या काळातला निघाला. नवे दोरे उडवण्याआधी ताणून घ्यायचे. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दोन दोरे एका खिळ्याला बांधते, दुसऱ्या टोकांना एकेक पाण्याची बाटली लटकवते, म्हणजे दोघांना वजन सारखं. रात्रभर ठेवते. सकाळी दोन्ही लांबले असतात ते लांबले, मग गाठी मारून सारखे करते. असं तीनदा केलं की सूत शहाणं होतं. तरी दर वेळी उडवण्याआधी खिळ्याला अडकवून बघायचं, आणि मैदानावर मध्येच दोऱ्यांची डावी-उजवी बाजू बदलायची, म्हणजे दोघांची झीज सारखी होते.

दुसरं कारण ताकदीचं. ते बादलीने मोजलं. दोऱ्याला रिकामी बादली टांगली आणि लिटरच्या मापाने पाणी ओतत गेले. वजन काट्याविना कळतं, एक लिटर म्हणजे एक किलो. मी वापरते ते बिनकाचेचं सूत, बादली धरून, पावणेपाच किलोला तुटलं. मध्ये एक गाठ मारून पुन्हा केलं तर तीन किलोच्या आतच तुटलं. गाठ म्हणजे दोऱ्याने स्वतःलाच चिमटा घेणं. म्हणून टोकाला सूत उघडं ठेवत नाही, पोकळ विणीच्या सुती नाडीचा तुकडा त्यावर चढवते आणि गाठ त्या नाडीला मारते. होय, परकराच्या नाडीचा. मंद वाऱ्यात या पतंगाची ओढ किलो-दीड किलोच्या पलीकडे जात नाही, म्हणजे हिशोब बसतो. वारा वाढला की मी पतंग उतरवते. दोरा तुटणं मला चालतं, तो कापसाचा आहे.

तिसऱ्या कारणावर उपाय नाही. सुतावर सूत घासतं. पाच-सहा पीळ विसरायचे, दोनच्या पुढे दोरे एकमेकांना धरून बसतात. त्यामुळे सुतावर उडवताना डावीकडे एक चक्कर घेतली की लगेच उजवीकडे एक घ्यावी लागते. बर्कलीच्या त्या गृहस्थांना मी हे पत्राने कळवलं, तेव्हा त्यांचं उत्तर आलं की अशा शिस्तीने उडवणारे लोक त्यांना कधी भेटले नाहीत. मी ते कौतुक समजून ठेवून घेतलंय.

निगा राखण्याबद्दल विचारलंय म्हणून सांगते, कारण काल रात्री जेवताना तिघांनी विचारलं की हे मोडलं तर काय. मोडतं. आपल्या मैदानाचे दोन शत्रू आहेत, सराटे आणि काळी माती. सराट्याचं भोक टाचणीएवढं असतं, पण ताण आला की मोठं होतं. ते दिसलं की कापड स्पिरिटने पुसून दोन्ही बाजूंनी पातळ चिकटपट्टी लावायची, आणि पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करायचे, टोकदार कोपरा आधी सुटतो. काळी माती कोरड्या मऊ ब्रशने झाडायची. ओल्या फडक्याने पुसाल तर तिचा लेप होतो, हे आपल्याकडच्या कोणालाही सांगायला नको. कार्बनच्या काडीला तडा गेलाय का हे डोळ्यांना दिसत नाही. काडी दोन बोटांत धरून हळूच पिळायची आणि कानाशी न्यायची, तडा असेल तर कुरकुरते. उघड्या बोटाने तिच्यावरून हात फिरवू नका, कार्बनची कुसळं शिरतात आणि ती बाभळीच्या काट्याहून चिवट. मैदानावर काडी मोडलीच तर बांबूची काडी तासून पोकळीत सारते. मागच्या वर्षी बुरूडकाकांकडून दहा काड्या तासून आणल्यात. त्यांनी पैसे घेतले नाहीत, पण हे उडतं का हे बघायला संध्याकाळी मैदानावर आले.

घरी नेल्यावर काड्यांचा ताण सोडून ठेवायचं. उन्हात आणि गाडीच्या काचेखाली ठेवायचं नाही. ऊन कापडाला खातं आणि टोकांचे रबरी दोरे मे महिन्यात अगदी चिवड्यासारखे कुरकुरीत होतात.

कोणी म्हणेल, बाहेरून आणलेलं महागडं खेळणं मुलांना कुठून परवडणार. मी मागच्या दिवाळीत पार्सलच्या प्लॅस्टिकचा आणि बांबूचा एक बनवून पाहिला. ३१० ग्रॅम भरला. उडतो, पण त्याला ताशी बारा किलोमीटर तरी वारा लागतो. जानेवारीत दुपारी चारदा उठेल, दहादा बसेल. शिकायला तेवढं पुरतं. वजन आणखी कमी करायचं आहे, आणि ते माझ्यापेक्षा इथल्या आठवीतल्या पोरांना जास्त लवकर जमेल असं मला वाटतं.

आता शाळेकडे मागणं. संक्रांतीच्या आठवड्यात मैदानावर पतंगाला बंदी आहे. मी त्या निर्णयाच्या बाजूची आहे, मावसभावाच्या गळ्यावरची खूण रोज बघणारी आहे. पण त्या बंदीत कापणारा पतंग गेला तसा न कापणाराही गेला, आणि मुलं धाब्यावर गेली, जिथे बघायला कोणी शिक्षक नाही आणि चक्रीवर काय गुंडाळलंय हे कोणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच की संक्रांत होऊन गेल्यानंतरचे चार शनिवार दुपारी मैदान उघडं ठेवावं. फक्त सूत, फक्त वीस मीटर, काच नाही, पेच नाही. वीस मीटरचा दोरा मैदानाबाहेर जात नाही, म्हणून रस्त्यावर कोणाच्या गळ्यात येणार नाही. पूर्वेच्या भिंतीकडून विजेच्या तारा गेल्यात, तिथून पन्नास पावलांच्या आत कोणी उडवायचं नाही. कार्बनमधून वीज जाते, ओल्या सुतातूनही जाते, यात सूट नाही. आणि मुली-मुलगे दोघांनी उडवायचं. या पतंगाला चक्री नसल्याने कोणाला नुसतं धरून उभं करताच येत नाही, ही त्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

कायद्याची एक गंमतही सांगून ठेवते. १९३४ च्या आपल्या विमान कायद्यात विमानाची जी व्याख्या होती, तिच्यात पतंगही होता. तेव्हा धाब्यावरच्या माझ्या दादाला मी चार वर्षं ग्राउंड स्टाफ म्हणून सेवा दिली, असं कागदोपत्री म्हणता येईल. पगार बाकी आहे.

मुख्याध्यापकांनी काल मला तीन प्रश्न विचारले: जबाबदार कोण, पतंग किती, आणि पाऊस आला तर. पहिल्याचं उत्तर, आपल्या बॅचमधले जे बुलढाण्यातच राहतात त्यांच्यापैकी चौघांनी आळीपाळीने थांबायचं कबूल केलंय, दोन बायका, दोन पुरुष. दुसऱ्याचं, हा आणि बांबूचा धरून दोन आहेत, मार्चपर्यंत आणखी तीन बनवून पाठवते. तिसऱ्याचं उत्तर असं की ओलं सूत वापरायचं नाही, त्या दिवशी सुट्टी. त्यांनी विचार करतो म्हटलंय. आपल्या शारीरिक शिक्षणाच्या सरांनी मात्र विचार न करता शिट्टी शोधायला सुरुवात केलीय.

आज दुपारी तीन वाजता, झुळूक असली तर, मी मैदानावर आहे. नसली तरी आहे, मागे चालायला भरपूर जागा आहे. ज्यांना यायचंय त्यांनी चपला-बूट घालून या, पश्चिमेच्या कोपऱ्यात सराटे खूप आहेत. पहिली पाळी माझ्या दादाची नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. त्याने दोऱ्यांचं रीळ धरायचं आहे.